मेंढीला कोण लागलं?

लोहा-कंधारच्या माळरानावर मेंढरं राखणारा एक म्हातारा धनगर होता. पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं उलटली होती. निजाम गेला, तरी कंधारात युनानी हकिमाचा दवाखाना चालूच होता. म्हाताऱ्याच्या नातवाला फेफरं यायचं. डोळे फिरायचे, तोंडाला फेस यायचा. कांदा हुंगवून झाला, चप्पल हुंगवून झाली. देवऋषी म्हणाला, म्हसोबा कोपलाय. बकरं द्या, आणि लेकराच्या अंगावर काळी घोंगडी टाकू नका.

धनगराच्या घरात घोंगडीवाचून दुसरं पांघरूण कुठलं? पोरगं पौषाच्या थंडीत कुडकुडायला लागलं, तेव्हा म्हाताऱ्याने त्याला खांद्यावर घेऊन कंधार गाठलं.

हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, पापणी वर करून पाहिली. घोंगडीचं ऐकून ते हसले. "मामा, हे तर लई जुनं. बुकरातच्या मुलखातले मांत्रिकपण हेच सांगायचे."

बुकरात म्हणजे ग्रीकांचा हिपोक्रॅटिस. फेफऱ्यावरचा एक ग्रंथ त्याच्या नावावर आहे, सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा. तिकडे या रोगाला पवित्र रोग म्हणत. रोगी शेळीसारखा ओरडला तर देवमाता कोपली, घोड्यासारखा किंचाळला तर समुद्रदेव पोसायडन, फेस आला नि लाथा झाडल्या तर युद्धदेव एरीझ. आपल्याकडे आसरा, मुंजा, म्हसोबा वाटून घेतात, तसंच. काळं नेसू नये, शेळीच्या कातड्यावर निजू नये, हे पथ्य. ग्रंथकर्त्याने विचारलं, मग शेळ्यांवरच जगणारे लिबियातले लोक सगळेच आजारी कसे नाहीत?

हकीमसाहेबांनी तेच विचारलं. "वाड्यावर काळ्या घोंगड्या किती?"

"समद्याच."

"मग समद्यांनाच फेफरं यायला पायजे."

म्हातारा गप्प झाला, पण म्हसोबा काही मनातून जाईना. तेव्हा हकीमसाहेब म्हणाले, "कळपात एखादी मेंढी मान वाकडी करून गरगर फिरती, तिला काय झालेलं असतं?"

"डोक्यात पाण्याचा फोड असतोय की," म्हातारा चटकन बोलला. "म्या सोताच्या हातानं कवटी फोडून बघितलंय. लिंबाएवढी पाण्याची पिशवी."

"म्हसोबा नव्हता लागला?"

"मेंढीला कशाला म्हसोबा..." आणि त्याची जीभ अडखळली.

त्या ग्रीकानेही शेळीचं डोकं फोडून बघायला सांगितलं आहे. आत मेंदू ओला, पाण्याने भरलेला, घाण वास मारणारा दिसेल; म्हणजे बिघाड देहाचा, देवाचा नव्हे. सुख, दुःख, भीती, वेड, सगळं मेंदूतून येतं, असं तो लिहितो. कारण मात्र त्याने साफ चुकीचं दिलं. म्हणे कफ शिरांत उतरून हवेची वाट अडवतो, म्हणून झटका. कफाने बिघडलेला वेडा गप्प बसतो, पित्ताने बिघडलेला आरडाओरडा करतो. पुढे वैद्यांनी काळं पित्तही मांडलं. ते अजून कुणाच्या शिरेत सापडलेलं नाही. पण कफ आहे की नाही हे निदान कापून बघता येतं. म्हसोबाला कोण कापणार?

"बलगमवर, म्हणजे कफावर, माझ्याकडं काढा आहे," हकीमसाहेब म्हणाले. "तुम्हाला देऊन पैसे घेतले असते. पण याच्यावर आता गोळ्या निघाल्यात. नांदेडला सरकारी दवाखान्यात न्या. रोज द्यायच्या. झटका आला नाही म्हणून बंद करायच्या नाहीत."

म्हसोबाच्या नावाने राखलेलं बकरं म्हाताऱ्याने लोह्याच्या बाजारात विकलं. नांदेडच्या दवाखान्यातून फेफऱ्यावरची गार्डिनलची गोळी सुरू झाली. झटके एकदम गेले नाहीत. आठवड्याला यायचे, ते महिन्या-दोन महिन्यांवर गेले. गोळीने पोरगं दिवसा पेंगायचं, म्हणून म्हातारी कुरकुरायची. म्हातारा तरी गोळी चुकवू द्यायचा नाही.

पुढच्या माळेगावच्या यात्रेत देवऋषी भेटला. पोराकडे बघून म्हणाला, "उतार पडला की! म्हसोबाची किरपा. आता बकरं द्या."

"अन् झटके वाढले असते तर?"

"तर म्हसोबाचा कोप. मग दोन द्यावी लागली असती."

"म्हंजी कसंबी झालं तरी बकरं तुमचंच," म्हातारा म्हणाला आणि मेंढ्यांचा भाव विचारायला पुढे गेला.