बाभळीच्या फांद्या

आमच्या थोरल्या वहिनी माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. "भावजी, पाण्याची पाळी कधी हाय?" एवढंच. वहिनी म्हणजे चुलत भावाची बायको. भिंतीला भिंत लागून घर, विहीर सामायिक, अंगण एकच. आण्णा गेले त्या दिवशी मी खांदा द्यायला गेलो नाही, हे त्यांच्या मनातून जात नाही. का गेलो नाही ते त्यांना माहीत आहे. पण माहीत असलं म्हणून पटतंच असं नाही.

2021 सालचा एप्रिल. कांदा काढणी चालू होती. अंगात कणकण होती, ती उन्हाची असेल म्हणून मी सोडून दिली. पण तिसऱ्या दिवशी खर्डा तिखट लागेना. रानाला पाणी सोडल्यावर मातीचा वास सुटतो, तोही येईना. तेव्हा मनात पाल चुकचुकली. सरकारी दवाखान्यात नाकात काडी घालून तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, चौदा दिवस कुणाच्या जवळ जायचं नाही." घरात पंच्याऐंशीची आई. मी अंथरूण उचललं आणि विहिरीवरच्या खोलीत जाऊन पडलो. बायको बांधावर भाकरी ठेवून हाक मारायची आणि माघारी जायची.

नवव्या दिवशी पहाटे आण्णा झोपेतच गेले. कोरोनानं नव्हे, हृदयानं. धाकटा मुलगा मळ्यात आला आणि वीस हातावरून ओरडून सांगितलं. माझा ताप उतरून चार दिवस झाले होते, अंगात ताकद होती. चालत गेलो असतो तर दहा मिनिटांचं अंतर. मी बांधापर्यंत आलो आणि थांबलो. ओढ्याच्या पलीकडं स्मशान आहे. तिथनं धूर निघालेला दिसला, तेव्हा हात जोडले. ज्या आण्णांनी मला औत धरायला शिकवलं, त्यांना मी धुराला नमस्कार करून निरोप दिला.

वीस माणसांची परवानगी होती, चाळीस आली होती. कुणालाही काही झालं नाही. पुढं वहिनी एकदाच मन मोकळं करून बोलल्या, तेव्हा हेच म्हणाल्या. "सगळी आली. कुणाचं काय वाकडं झालं? तुमीच तेवढं न्हाई आला."

यावर माझ्याजवळ आजही उत्तर नाही. मी गेलो नाही म्हणून कुणाला काही झालं नाही, असं मी म्हणू शकतो. गेलो असतो तरी झालं नसतं, असं त्या म्हणू शकतात. दोघांनाही पुरावा देता येत नाही. रानाला ताल घातली, पाऊस झाला, तर वाहून गेलेली माती ओढ्यात दिसते. न गेलेली माती कुणी मोजत नाही. घरी बसून वाचवलेला माणूस असाच असतो. तो आपल्यासमोरून चालत जातो, पण त्याला आणि आपल्याला दोघांनाही पत्ता नसतो. असा कुणी होता की नव्हता, हेसुद्धा कळत नाही. आण्णांच्या घरातलं दुःख मात्र रोज दिसतं.

माझी बाजू एवढीच असती तर मी मनातून मोकळा झालो असतो. पण त्याच्या आदल्या वर्षाची एक गोष्ट आहे, आणि वहिनींचा खरा राग तिथनं धरलेला आहे.

2020 च्या 24 मार्चला रात्री टीव्हीवर सांगितलं की एकवीस दिवस घराबाहेर पडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभी केली आणि दुपारी आम्ही दहा-बाराजण कुऱ्हाडी घेऊन वेशीवर गेलो. बाभळीच्या फांद्या तोडून रस्त्यावर टाकल्या, पुढं एक ट्रॉली आडवी लावली. त्यात मी पुढं होतो. गावाला वाचवायचं म्हणून कोण जोर आला होता! खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटत होती.

आमच्या भागातली पोरं मुंबईला माथाडी. देवळाचा सभामंडप त्यांच्याच वर्गणीतला. मे महिन्यात ती पोरं बायका-पोरांसह गावाकडं यायला लागली. मुंबईत कामं बंद, दहा बाय दहाची खोली, जाणार कुठं? पहिल्या आठवड्यात आला तो आण्णांचाच मुलगा, वाशीच्या मार्केटमध्ये हमाली करणारा माझा पुतण्या. सोबत बायको आणि दोन वर्षांची पोर. फांद्यांच्या अलीकडं मी, पलीकडं तो. म्हणाला, "काका, पोरगीला तेवढं आत घ्या, आमी थांबतो." मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." तिघांनाही जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. वर पत्रा, मे महिना, चौदा दिवस. आण्णा दोन वेळा भाकरी घेऊन जायचे आणि फाटकाबाहेर ठेवायचे. मला एक शब्द बोलले नाहीत. उलट चावडीवर म्हणाले, "त्यानं केलं ते बरोबर केलं."

मग मी चुकलो कुठं? शाळेत ठेवणं चूक नव्हतं, आजही तसं वाटत नाही. पण त्या रात्री मला झोप छान लागली, हे चूक होतं. दुसऱ्याला लांब ठेवायचं, उन्हात त्यानं तापायचं, आणि गाव वाचवल्याचं समाधान आपण घ्यायचं. गोठ्यात लाळ-खुरकूत आली की दुखणाईत जनावर आपण लांब नेऊन बांधतो. त्याला विचारत नाही, कारण ते जनावर आहे. पुतण्यालाही मी काही विचारलं नव्हतं. शाळेतला पंखा चालू आहे का, एवढंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी पाळी माझी आली आणि मी स्वतःहून लांब बसलो. वाटलं, आता हिशेब फिटेल. पण लांब बसलो मी आणि त्याची किंमत दिली वहिनींनी. नवरा गेलेला, दारात माणसं मोजकी, आणि घरचा दीर समोरच्या मळ्यात बसलेला. कुणाच्या तरी त्यागाचं बिल भलत्याच्याच नावावर निघतं.

मला सावित्रीबाई फुल्यांची गोष्ट आठवते. पुण्यात प्लेग होता तेव्हा त्या आजारी माणसांत गेल्या. एका पोराला पाठीवर घालून त्यांनी दवाखान्यात नेलं, आणि त्याच दुखण्यानं 10 मार्च 1897 ला गेल्या. शाळेत हा धडा ऐकताना अंगावर काटा यायचा. बांधावर उभं राहून मी स्वतःला विचारलं, त्या माऊलीनं जवळ जाऊन माणुसकी केली, तू लांब राहून कसली करतोस? नंतर वाटलं, त्यांनी पणाला लावला तो स्वतःचा जीव. मी गेलो असतो तर लावला असता त्या चाळीस जणांचा, आणि त्यांना न विचारता. असं मी मनाला समजावलं. पण एक शंका राहतेच. मला तेव्हा भीतीही वाटत होती. लोक काय म्हणतील याची, अंगातलं दुखणं उलटेल याची. भिऊन बसलेला माणूस आणि दुसऱ्यासाठी बसलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. आतूनसुद्धा नीट वेगळे करता येत नाहीत.

वारीचं बघा. 2020 ला पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमच्या गावचे म्हातारे वारकरी आषाढीला डोळे पुसत घरीच बसले. त्यांना कुणी भित्रं म्हणालं नाही, कारण थांबले ते सगळे मिळून. एकट्यानं थांबायचं म्हणजे मात्र त्याच्याकडं बोट दाखवायला गाव मोकळं.

आणि घरी बसा म्हणणं तरी कुणाला परवडलं? ज्याच्या कणगीत दाणे होते त्याला. आमच्या दारी रोज येणाऱ्या आशाताईला कुणी बसा म्हणालं नाही. त्या आल्या म्हणून आम्ही बसलो.

गेल्या पावसाळ्यात वहिनींना ताप आला. कळलं तसा मी त्यांच्या दारात गेलो. आत अंधार होता, त्या गोधडी घेऊन पडल्या होत्या. चाहूल लागल्यावर म्हणाल्या, "भावजी, लांबच बसा. मला ताप हाय."

टोमणा होता की काळजी होती, आवाजावरून कळलं नाही. पुतण्याची पोर आता शाळेत जाते, सुट्टीला आली होती. तिनं सोप्यात पोतं अंथरलं. मी उंबऱ्याच्या अलीकडं बसलो, चहा आला तो घेतला, आणि पाण्याची पाळी मंगळवारी आहे असं सांगितलं.