शिलोहाचा बुरूज आणि ज्वालामुखीची कादंबरी



रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाला मराठी ख्रिस्ती मनुष्याच्या लेखी वेगळेच मोल आहे. याच मार्गावर, १८९३ साली, नागपूरहून राजनांदगावास निघालेल्या नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. पुढील इतिहास आपणास ठाऊक आहे. शास्त्रभाषांतराच्या कामामुळे माझे वास्तव्य रायपुरात आहे आणि वर्षातून चार-सहा वेळा या मार्गाने जाणे-येणे घडते. राजनांदगाव स्थानक आले की मी सवयीने खिडकीबाहेर पाहतो. गेल्या खेपेस मात्र राजनांदगाव केव्हा आले आणि गेले हे कळले नाही. डोंगरगडची टेकडीही दिसली नाही. कारण मलाही एका सहप्रवाशाने पुस्तक दिले होते. ते नवा करार नव्हते, हे सांगावयास नको.

समोरच्या बाकावरील एका तरुणाने अर्धी वाचून झालेली एक इंग्रजी कादंबरी, "काका, मी झोपतो, तोवर तुम्ही वाचा," असे म्हणून माझ्या हाती दिली. रॉबर्ट हॅरिस या लेखकाची, २००३ साली प्रसिद्ध झालेली, 'पॉम्पेई' नावाची. इ. स. ७९ मध्ये इटलीतील व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट होऊन पॉम्पेई नगर राखेखाली गाडले गेले, त्या घटनेभोवतीची ही कथा. नायक आहे पाटबंधाऱ्याचा एक अधिकारी. आखाताकाठच्या नगरांना पाणी पुरवणाऱ्या कालव्यात गंधकाचा वास येऊ लागतो, एका ठिकाणी पाणी बंद पडते, आणि हा मनुष्य त्याचे कारण शोधीत डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पोहोचतो. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर दिवसाचा प्रहर दिलेला. पर्वत केव्हा फुटणार हे वाचकास ठाऊक, आणि पात्रांस मात्र काहीच ठाऊक नाही. मी अधाशासारखा वाचीत गेलो. नागपूर येण्यापूर्वी शेवट गाठावा म्हणून मधली कित्येक पाने गाळली.

अशी पुस्तके ख्रिस्ती मनुष्याने वाचावीत की नाही, हा प्रश्न आमच्या लहानपणी मंडळीत मोठ्या हिरिरीने चर्चिला जाई. मला त्यात फारसे स्वारस्य नाही. कल्पित संकटाच्या वर्णनाने छातीत धडधड होणे हे पाप नव्हे. सुरक्षित बसून दुसऱ्याची आग पाहण्यातील सुखाविषयी काही म्हणावयाचे तर योना निनवे नगराबाहेर मांडव घालून नगराचे काय होते ते पाहत बसला होता, आणि देवाने त्याची कशी कानउघाडणी केली, हे आपण शास्त्रात वाचतोच. तेवढे पुरे. मला खुपली ती गोष्ट निराळी आहे.

त्या कादंबरीत एक दुष्ट धनिक आहे. स्वतःच्या एका गुलामास त्याने हिंस्र वाम माशांच्या हौदात टाकून मारले आहे. तो पर्वताच्या प्रकोपात मरतो. नायक आणि ज्या मुलीवर त्याचे मन जडले ती, ही दोघे वाचली असावीत अशी कुणकुण शेवटी कानी येते. संकटांच्या बहुतेक कादंबऱ्यांची आणि चित्रपटांची रीत हीच. पूर येवो, धरणी फाटो, डोंगर आग ओको, मृत्यू मात्र प्रत्येकाचे खाते तपासून येतो. लोभ्याला आधी नेतो, भित्र्याला मध्ये, भल्याला सोडून देतो. धनिक मेला तेव्हा मला समाधान वाटले. पुस्तक क्षणभर मिटून मी पाण्याचा घोट घेतला, एवढे समाधान! मग मनात आले, की हे समाधान माझ्या ओळखीचे आहे. ते मी पूर्वी एकदा व्यासपीठावर उभे राहून अनुभवले होते.

त्या प्रसंगाकडे येण्यापूर्वी व्हेसुव्हियसविषयी थोडे सांगावयास हवे, कारण आपल्या नव्या कराराशी त्याचा संबंध पुष्कळांच्या लक्षात नसतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २८ मध्ये पौल बंदिवान म्हणून रोमला जाताना पुत्युलास उतरला व तेथील बंधुजनांकडे सात दिवस राहिला. हे पुत्युल व्हेसुव्हियसच्याच आखाताच्या काठी आहे. पौलाने तो पर्वत पाहिला असणार. हिरवागार, द्राक्षमळ्यांनी वेढलेला, अगदी निरुपद्रवी. त्याआधी, अध्याय २४ मध्ये, कैसरीयात सुभेदार फेलिक्स व त्याची पत्नी द्रुसिल्ला यांच्यापुढे पौल नीतिमत्त्व, संयम आणि होणारा न्याय यांविषयी बोलला, तेव्हा फेलिक्स भयभीत होऊन म्हणाला की सध्या तू जा. या फेलिक्स-द्रुसिल्लेचा पुत्र अग्रिप्पा पुढे व्हेसुव्हियसच्या स्फोटातच मरण पावला, असे यहुदी इतिहासकार जोसीफस नोंदवतो.

उपदेशकाच्या हाती याहून सोयीचा दाखला कोणता येणार? आईबापांनी न्यायाचे बोलणे टाळले आणि अग्नीने पुत्रास गाठले! हा दाखला योजण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. पण मुलाने काय केले होते? ज्या दिवशी पौल बोलला त्या दिवशी तो पाळण्यात होता की जन्मलाही नव्हता, कोण जाणे.

असा हिशेब मांडणारे आपणच पहिले नव्हेत. पॉम्पेईच्या एका भिंतीवर कोणी तरी 'सदोम गमोरा' अशी अक्षरे लिहिलेली सापडली आहेत. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमेचे मंदिर उद्ध्वस्त केले; नऊ वर्षांनी पर्वत फुटला, तेव्हा हा त्याचाच सूड, असे त्या काळच्या यहुदी भविष्यकाव्यात सुचवले आहे. आणि आधुनिक लोकांनी तरी काय केले? १८६३ पासून पॉम्पेईच्या राखेतील पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतांच्या आकृती काढण्यात आल्या. एका आकृतीच्या हाती सोन्याचे कडे, जवळ एक बालक. म्हणून ही आई आणि तिचे लेकरू, असे जवळपास पन्नास वर्षे सांगितले गेले. २०२४ साली आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा ती आई पुरुष निघाली आणि बालकाशी त्याचे काही नाते नव्हते. मेलेली माणसे आपल्या गोष्टीला हरकत घेत नाहीत.

आता माझा प्रसंग सांगतो.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसे मेली. बावन्न गावे जमीनदोस्त झाली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. मी तेव्हा ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेणारा तरुण होतो आणि ३ ऑक्टोबरच्या रविवारी एका लहान मंडळीत संदेश देण्याची जबाबदारी माझ्यावर होती. रात्री विसर्जन आणि पहाटे भूकंप! या दोहोंची सांगड घालावयास मला दहा मिनिटेही लागली नाहीत. मी आवेशाने बोललो. उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझी पाठ थोपटली. त्या सकाळी मला जे वाटले तेच आगगाडीत तो धनिक मेला तेव्हा वाटले. सर्व हिशेब जुळल्याचे समाधान.

त्या महिन्याच्या अखेरीस आम्ही काही विद्यार्थी कांबळी व भांडी घेऊन त्या भागात गेलो. एका गावाबाहेर पत्र्याच्या निवाऱ्यापाशी एक म्हातारी बसली होती. दोन नातवंडे आणि सून गेलेली. मी मनात सांत्वनाची वचने जुळवीत होतो. ती मात्र भिंतीविषयी बोलत होती. "लई हौसेनं बांधली होती सासऱ्यानं. गावात कोणाची नव्हती एवढी रुंद भिंत, लेकरा." तिने दोन्ही हात पसरून भिंतीची रुंदी दाखवली. गावकुसाकडच्या झोपड्यांतली माणसे पुष्कळशी वाचली होती. वाड्यांतली गेली होती. तिने कोणाच्या पापाचे नाव काढले नाही, स्वतःच्याही नाही. आम्ही पडलेल्या घराचे दगड उचलून निवाऱ्याच्या आडोशाला रचू लागलो, तेव्हा ती एकदम ओरडली, "रचू नका! पसरून ठेवा." तो संदेश मी तिच्यापुढे वाचून दाखवू शकलो नसतो, एवढे मला त्या घटकेस कळले. बाकीचे कळावयास फार वर्षे लागली.

तो दगड कोणता होता? आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून थरांवर थर वाहत आलेला लाव्हा थिजून तो झाला. रायपूरची भूमी चुनखडीची व त्याहून कितीतरी पुरातन. आगगाडीने पश्चिमेस निघाले की नागपुरास सीताबर्डीच्या टेकडीच्या रूपाने हा काळा खडक भेटतो आणि मग सह्याद्रीपर्यंत साथ सोडत नाही. आपली जाती-पाटे, विहिरी, किल्ले, कित्येक जुनी उपासनामंदिरे याच दगडाची. विझलेल्या अग्नीच्या आधाराने आपण पिढ्यान् पिढ्या राहत आलो. किल्लारीच्या घरांत हा दगड मातीच्या चिखलात रचलेला होता; आतला थर व बाहेरचा थर यांना एकत्र बांधणारे लांब दगड मध्ये नव्हते; वर माळवदाचा मातीचा प्रचंड भार. धरणी हलली तेव्हा दोन्ही थर फुटून वेगळे झाले आणि माळवद निजलेल्यांवर आले. ६.२ तीव्रतेचा भूकंप एवढे मनुष्यबळ नेतो याचे कारण बहुतांशी हे आहे. १९९२ च्या ऑगस्टपासून तेथे हादरे जाणवत होते. पुढे मोठा धक्का येणारच, असे त्यावरून कोणास ठामपणे सांगता आले नसते. परंतु भिंतींकडे पाहता आले असते. पाप कोणाचे हा माझा प्रश्न, भिंत कशी होती या प्रश्नाला जागाच देत नव्हता.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख येतो. भाषांतर करताना तेथे एक बारकावा मला अडवतो. पिलाताने ज्या गालीलकरांस मारले त्यांच्याविषयी विचारताना प्रभू 'पापी' हा शब्द योजतो. बुरुजाखालच्या अठरांविषयी विचारताना मूळ ग्रीक शब्द 'ऋणको' असा आहे. म्हणजे, ज्यांच्या खात्यावर बाकी आहे असे. लोकांच्या मनातील खातेवहीच प्रभू उघडून दाखवतो आणि म्हणतो, नाही. या अठरांची बाकी इतरांहून अधिक नव्हती. मात्र तो तेथे थांबत नाही. तुम्ही पश्चात्ताप न केलात तर तुमचाही नाश होईल, असे लगेच बजावतो. हे दुसरे वाक्य मला कित्येक वर्षे पहिल्याच्या विरुद्ध वाटे. आता वाटते की मेलेल्यांकडे दाखवलेले बोट तो धरून आमच्याच छातीवर ठेवतो. किल्लारीच्या रविवारी पश्चात्तापाचा संदेश देणे योग्यच होते. तो मी आमच्या मंडळीला द्यावयास हवा होता आणि स्वतःला. मी तो बावन्न गावांच्या प्रेतांना दिला.

कोणी म्हणेल, सण आणि संकट यांची गाठ योगायोगाची कशी? तर मग दुसरी बाजू पाहा. १९०२ साली मार्टिनिक बेटावर पेले पर्वताचा स्फोट होऊन सेंट पिएर हे नगर काही मिनिटांत जळाले. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे मेली. तारीख ८ मे, प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण, वेळ सकाळी आठची. नगरातील अगदी थोड्या वाचलेल्यांत एक होता तुरुंगाच्या जाड भिंतींच्या कोठडीतील कैदी. १७५५ चा लिस्बनचा भूकंप सर्व संतांच्या दिवशी, लोक उपासनेस जमले असता झाला. आणि २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, त्सुनामीने वेलांकण्णीच्या किनाऱ्यावर कितीतरी यात्रेकरू नेले. तेव्हा आपण कोणता संदेश दिला? मंदिर वाचले याबद्दल आभार मानले. किनाऱ्यावरच्यांविषयी सदोमाचे नाव कोणी काढले असते, तर आपण ते सहन केले नसते, आणि तेच योग्य होते.

म्हातारीच्या गावात झोपड्या वाचल्या व वाडे पडले, म्हणून देवाने गरिबांस राखले असाही एक संदेश मला पुढे सुचला होता. तो मी दिला नाही. तीच खातेवही उलट्या बाजूने वाचण्याचा तो प्रकार होता. त्सुनामीने तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्याच झोपड्या नेल्या.

कादंबरीकारावर माझा फारसा रोष नाही. पाण्याला वास का येतो हे पाहावयास डोंगरापर्यंत जाणारा नायक त्याने उभा केला, याबद्दल मी त्याचा आभारीच आहे; किल्लारीच्या भिंतींपाशी असा मनुष्य हवा होता. शेवटी खाते जुळवून देण्याची हौस त्यालाही आवरली नाही, एवढेच.

कामठी मागे पडल्यावर तो तरुण जागा झाला. डोळे चोळीत त्याने पहिला प्रश्न केला, "काका, तो श्रीमंत शेवटी मरतो का?" मी म्हटले, "मरतो." त्याचा चेहरा खुलला. मग पुस्तक परत घेताना त्याने सहज विचारले, "आणि बाकीच्या गावाचं काय होतं?" मी उत्तर देणार, तोच माझ्या ध्यानात आले की मी गाळलेली पाने तीच होती.