वेळेअभावी

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे एका तालुक्याच्या गावी व्याख्यान द्यायला गेलो होतो. विषय होता राजर्षी शाहूंचा आरक्षणाचा जाहीरनामा. व्याख्यान संपलं आणि मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. ‘‘सर, माझ्या पणजोबांच्या नोंदीत कुणबी लिहिलंय आणि त्यांच्या सख्ख्या भावाच्या नोंदीत मराठा. यातलं खरं कोणतं?’’

सभागृह एकदम शांत झालं. मी उत्तर द्यायला माइककडे वळलो, तोच सूत्रसंचालकांनी जाहीर केलं, ‘‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत.’’ मग अध्यक्षीय समारोप झाला, आभार झाले, मुलं पांगली. ‘वेळेअभावी’ हा शब्द तेव्हापासून मला सलतो आहे.

कारण त्या दिवशीचा विषय खऱ्या अर्थानं त्या मुलाच्या प्रश्नापासून सुरू होत होता. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या. पण मागासवर्गीय कोण, हे त्यात उलट्या बाजूनं सांगितलं होतं : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सारे. त्यामुळे अमुक माणूस मराठा की कुणबी, हे विचारण्याची त्या जाहीरनाम्याला गरजच पडली नाही. तोच प्रश्न आज घराघरांत आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि आरक्षणाच्या दाखल्यांसाठी जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. ज्या मोडी लिपीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिच्या वाचकांना तालुक्या-तालुक्यांतून बोलावणं येऊ लागलं. एकशेवीस वर्षांत प्रश्नाचं रूप का पालटलं, याचा शोध मी मांडलेल्या इतिहासाला त्या मुलाच्या वर्तमानाशी जोडणारा होता. त्याची सुरुवात मी केली नव्हती, त्यानं केली होती.

विद्यापीठानं आपल्या भिंतींबाहेर जाऊन शिकवावं, ही बहिःशाल शिक्षणाची कल्पना इंग्लंडमध्ये रुजली ती जेम्स स्टुअर्ट यांच्या खटपटीतून. केंब्रिज विद्यापीठानं १८७३ मध्ये अशी व्याख्यानं अधिकृतपणे सुरू केली. त्याआधी स्टुअर्ट रॉचडेलच्या सहकारी संस्थेतल्या कामगारांपुढे खगोलशास्त्रावर बोलत असत. एकदा व्याख्यानानंतर त्यांच्या आकृत्या सभागृहातच टांगलेल्या राहिल्या. पुढच्या खेपेला कळलं, की त्या आकृत्यांपुढे उभं राहून कामगारांनी आपसांत चर्चा केली होती आणि त्यांना काही विचारायचं होतं. मग व्याख्यानाला जोडून प्रश्नांसाठी वेगळा वेळ ठेवण्याची रीत पडली. म्हणजे बहिःशाल शिक्षणाच्या मुळाशीच श्रोत्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. गावोगावच्या व्याख्यानमालांनी पुढे तिचाच कित्ता गिरवला. या परंपरेत इतिहास हे वर्तमानाशी भिडण्याचं साधन होतं. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. आंबेडकरांनी १९३५ च्या भारत सरकार कायद्यातली संघराज्याची योजना कलम-कलम उलगडून तपासली. चार वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ ला, डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून ते पुण्यातच रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला बोलले. जयंतीचं भाषण म्हटलं की आपल्याला गुणगान आठवतं. त्यांनी मात्र मोठा माणूस कोणाला म्हणावं, असा मूळ प्रश्न घेतला. रानड्यांच्या शेजारी त्या घडीचे सर्वांत बलाढ्य दोन पुढारी, गांधी आणि जिना, उभे केले आणि विभूतिपूजेचा धोका सांगितला. टीकेचं मोहोळ उठलं. भाषण छापताना प्रस्तावनेत त्यांनी त्या टीकेला उत्तर दिलं. सभागृहात न मावलेली प्रश्नोत्तरंच होती ती. १९३६ मध्ये तर लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांचं अध्यक्षीय भाषण आधी वाचून संमेलनच रद्द केलं होतं. ते भाषण त्यांनी स्वखर्चानं छापलं. सभागृह मिळालं नाही, तरी प्रश्न लोकांपर्यंत पोहोचला.

प्रवचनात ऐकणारा श्रद्धेनं बसतो आणि ते तिथे योग्यच आहे. इतिहासाच्या व्याख्यानात तसं चालत नाही. वक्त्याकडे कागद असतात, साल असतं, संदर्भ असतो. पण वर्तमान श्रोत्याकडे असतं. दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत तो उभा राहिलेला असतो. त्याला बोलू दिलं नाही, तर वक्ता भूतकाळाला आपल्या आवडीच्या वर्तमानाशी जोडून मोकळा होतो.

संयोजकांची भीती मला कळते. एखादा प्रश्न पेटतो, कुणाच्या भावना दुखावतात, संध्याकाळी संस्थाचालकांना फोन जातात. पण दाबलेला प्रश्न विझत नाही. तो मोबाइलवरच्या गटांत जातो आणि तिथे नोंद कुणी, कधी, कशासाठी लिहिली, हे विचारणारं कुणी नसतं. म्हणून मी आता निमंत्रण स्वीकारतानाच दोन अटी घालतो : मूळ कागदाची प्रत श्रोत्यांना आधी वाटायची आणि पत्रिकेवर ‘प्रश्नोत्तरे : ३० मिनिटे’ असं छापायचं. छापलेल्या वेळेवर सहसा कुणी हात मारत नाही.

तो मुलगा त्या दिवशी मला एसटी स्टँडवर पुन्हा भेटला. त्यानं मोबाइलवर दोन फोटो दाखवले. पणजोबांची नोंद जन्म-मृत्यूच्या वहीतली, मोडीतली. त्यांच्या धाकट्या भावाची शाळेच्या रजिस्टरातली, बाळबोधीतली. बाकावर बसून आम्ही दोन्ही अक्षर-अक्षर लावून वाचल्या. पहिली गावकामगारानं आपल्या माहितीवरून लिहिलेली असणार, दुसरी मास्तरांनी बापाला विचारून. दोन्ही कागद खरे होते. कायदा यातला कोणता धरील, हे सांगणं माझं काम नाही, हेही मी त्याला सांगितलं.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे लिहिणाऱ्यानं काय विचारलं, त्यावरही ठरत होतं. मग सर, बायकांना कुणी विचारलं होतं का? पणजीचं तर यात नावच नाही.’’

माझी गाडी लागली होती. मी ती सोडून दिली.