वाटसरूचा हक्क

पुण्याहून जुन्नरमार्गे नाणेघाटात गेलात, तर कोकणातून घाटमाथ्यावर चढणारी सुमारे २,००० वर्षांपूर्वीची सातवाहनकालीन व्यापारी वाट आजही पायाखाली येते. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होई, असे सांगतात. (ती जकात म्हणजे मालावरील कर, आपली जकात नव्हे.) माझे मन मात्र खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी थांबले. ज्याला कधी पाहिलेही नाही, अशा वाटसरूच्या तहानेसाठी कोणीतरी कातळ फोडला होता!

आपल्या जकातीच्या आठ हक्कदारांतही कुरआनने वाटसरूला स्थान दिले आहे (सूरह तौबा, ६०). वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हाही ईमानचा अंश आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आणि आपण?

गेल्या जुम्याला आमच्या मशिदीबाहेरील दुचाकींत एक रुग्णवाहिका अडकली. नमाज संपवून मी बाहेर धावलो, तेव्हा रुग्णाचा मुलगा स्वतःच गाड्या सरकवत होता. त्याच्या हातात होती ती गाडी माझी.

येत्या जुम्यापासून मी पायी येणार आहे. ज्यांची घरे जवळ आहेत, त्यांनीही गाडी घरीच ठेवावी.