उचलणे आणि ठेवणे

बुरशी मारणे ही हिंसा आहे का? हिमाचलात रोहडूजवळच्या एका शीतगृहात मी सफरचंदे राखतो, आणि सांगलीहून आक्का फोनवर हेच विचारत असते. आमच्या जैन घरात बुरशी म्हणजे असंख्य जीवांची वस्ती. बुरा आलेले लोणचे आई पानात येऊ देत नसे. गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रही मानते. पण तेवढ्यावर मला थांबता येत नाही.

सफरचंदावरची निळी बुरशी, पेनिसिलियम एक्सपान्सम, धडधाकट सालीतून सहसा आत शिरत नाही. तिला जखम लागते. नख लागते, शेजारच्या फळाचा देठ टोचतो, क्रेटमध्ये फळ आपटते. एकदा आत गेली की शून्य अंशालाही ती सावकाश वाढतच राहते आणि पॅट्युलिन नावाचे विष सोडते. थायाबेन्डाझोल हे बुरशीनाशक वर्षानुवर्षे वापरले की त्याला दाद न देणारी बुरशी मागे उरते. तोडणीत हयगय झाली की मारणे वाढत जाते, आणि एवढे मारूनही फळ हाती लागत नाही.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे हयगय, आधी ठेवला, प्राणघात नंतर. मुनींच्या पाच समित्यांपैकी, म्हणजे सावधगिरीच्या नियमांपैकी, एक आदाननिक्षेपण: वस्तू उचलताना आणि ठेवताना जपायचे. माझ्या मते सफरचंदाच्या धंद्यातला सगळा धर्म या एका समितीत आहे. नखे कापलेली हवीत. फळ तळव्यात धरून, किंचित वर वळवून, देठासकट काढावे. किल्ट्याला, म्हणजे तोडणीच्या टोपल्याला, आतून गोणपाट लावावे आणि तो क्रेटमध्ये उपडा करू नये. मजुरांना घाई करायला लावणारा मालक या हिंसेचा वाटेकरी आहे, असे मी मानतो.

रेड डेलिशसचे मात्र वेगळे. त्याच्या तळाचे तोंड कित्येकदा उघडे राहते आणि फुलोऱ्याच्या दिवसांतच बुरशी गाभ्यात जाते. तिथे कुणाच्या हाताला दोष देता येत नाही.

“क्रेट क्लोरीननं धुतोस की नाही?” आक्का विचारते. धुतो. तेवढी हिंसा माझ्या खाती लिही, असे मी तिला सांगतो. ती म्हणते, लिहिणारी मी कोण?