रिकाम्या फलाटाची साक्ष

एखाद्या रेल्वे स्थानकावर वर्षभरात जवळजवळ कोणीच चढले-उतरले नाही, एवढ्यावरून त्या ठिकाणी रेल्वेची गरजच नाही असे ठरवता येते का, हा प्रश्न वरकरणी वाहतूक-नियोजनाचा वाटतो. परंतु एखादी गोष्ट आढळत नाही यावरून ती नाही असे केव्हा म्हणावे, हा त्याचा गाभा असल्यामुळे तो मुळात ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची आणि त्यांच्या मर्यादांची चिकित्सा करणाऱ्या शास्त्राचा, प्रश्न आहे. आणि त्या ज्ञानाच्या आधारे गावेच्या गावे रेल्वेपासून तोडली जात असल्यामुळे तो न्यायाचाही प्रश्न ठरतो.

जमिनीवर घट नाही हे कशावरून कळते, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद केला. नैयायिकांच्या मते अभाव हा स्वतंत्र पदार्थ असून त्याचे ज्ञान प्रत्यक्षानेच होते. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी त्यासाठी ‘अनुपलब्धी’ हे वेगळे प्रमाण मानले, म्हणजे वस्तू न आढळणे हेच तिच्या नसण्याच्या ज्ञानाचे साधन ठरवले. हा मतभेद तीव्र असला तरी एका अटीविषयी या पक्षांत फारसे दुमत नाही. अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे, म्हणजे वस्तू तेथे असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही तर त्यावरून घट नाही हे सिद्ध होत नाही, फक्त उजेड नाही एवढेच सिद्ध होते; आणि बौद्ध तर्कशास्त्रात धर्मकीर्तींनीही दृश्य होऊ शकणाऱ्या वस्तूच्याच अनुपलब्धीला हेतू म्हणून मान्यता दिली, ती याच कारणासाठी.

ही अट ब्रिटनमधील ग्रेटर मँचेस्टरच्या डेंटन स्थानकाला लावून पाहिली तर तिचे मोल कळते. स्टॉकपोर्ट आणि स्टेलीब्रिज यांना जोडणाऱ्या मार्गावरचे हे स्थानक ओसाड माळावर नसून दाट नागरी वस्तीत आहे. तरीही २०२३–२४ या वर्षी तेथे चढणारे आणि उतरणारे मिळून केवळ ५४ प्रवासी नोंदले गेले, आणि ग्रेट ब्रिटनमधील सर्वांत कमी वापराचे स्थानक म्हणून त्याचे नाव त्या वर्षीच्या अधिकृत अंदाजात आले. हा आकडा एकटाच वाचला तर निष्कर्ष सरळ दिसतो. पण तेथे आठवड्यातून एकदाच, शनिवारी सकाळी, दोन्ही दिशांना एकेक गाडी थांबते, आणि २०१८ पूर्वी अनेक वर्षे ती एकाच दिशेने धावत असे, त्यामुळे गेलेल्या माणसाला रेल्वेने परत येण्याची सोयच नव्हती, हे कळल्यावर त्या आकड्याचा अर्थ पालटतो. सोमवारी सकाळी कामावर जाणारा, शाळा-महाविद्यालय गाठणारा किंवा दवाखान्याची वेळ घेतलेला माणूस या गणनेत येऊच शकत नाही, कारण त्याच्या वेळेला गाडी नाही. असा प्रवासी असता तर तो दिसला असता, असे येथे म्हणता येत नाही. म्हणून ही अनुपलब्धी योग्य नाही आणि तिच्यावरून काढलेला गरजेच्या अभावाचा निष्कर्षही प्रमाण नाही.

अशी आठवड्याची एक गाडी चालवण्याचे कारण प्रवासी नसून कायदा असतो. ब्रिटनमध्ये एखादी सेवा रीतसर बंद करायची तर सूचना, हरकती आणि चौकशी यांची लांब प्रक्रिया पार पाडावी लागते, आणि ती टाळण्यासाठी कायद्यापुरती किमान फेरी चालू ठेवली जाते. अशा गाडीला तेथे ‘पार्लमेंटरी ट्रेन’ म्हणतात. हे नाव १८४४ च्या रेल्वे कायद्याकडे जाते. तेव्हाचे मंत्री ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या कायद्याने कंपन्यांवर गरिबांसाठी रोज किमान एक गाडी चालवण्याचे बंधन घातले; भाडे मैलाला एक पेनीहून अधिक नसावे, थांबे धरून वेग ताशी १२ मैलांहून कमी नसावा आणि डब्यांत बसायला आसने व ऊन-पावसापासून आडोसा असावा, अशा त्याच्या अटी होत्या. दुर्बळ प्रवाशाला निदान एवढे तरी मिळालेच पाहिजे, या विचारातून ठरलेली किमान मर्यादा पुढे प्रवाशाला टाळून नियम पाळल्याचे दाखवण्याची सोय बनली. नियमाचे शरीर जपून त्याचा हेतू मारण्याचा हा प्रकार उघड बंद करण्यापेक्षा अधिक दोषास्पद आहे, कारण त्यातून निघणारा आकडा पुढे त्याच प्रवाशाविरुद्ध पुरावा म्हणून मांडता येतो.

मोजणीच्या या दोषाचे सर्वांत मोठे उदाहरण मार्च १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालात सापडते. त्याने २,३६३ स्थानके आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली, आणि एकूण मार्गलांबीच्या एक-तृतीयांश भागावर प्रवासी वाहतुकीचा अवघा एक टक्का होतो, हा त्याचा गाजलेला युक्तिवाद होता. ब्रिटिश रेल्वेचा तोटा खरा होता आणि मोटारीने प्रवासाच्या सवयी बदलल्या होत्या, हेही खरे. बीचिंग यांना खलनायक ठरवून हा विषय संपत नाही. मात्र ज्या सर्वेक्षणावर अहवाल बेतला ते एप्रिल १९६१ मधील एका आठवड्याचे होते, आणि समुद्रकाठच्या ज्या गावांना प्रवासी उन्हाळ्याच्या सुट्टीतच लोटतात त्यांची परीक्षा एप्रिलमध्ये घेणे म्हणजे तो प्रवासी दिसू शकेल अशी वेळच वगळणे होते. शिवाय स्थानकाचे उत्पन्न तेथे विकल्या गेलेल्या तिकिटांवरून धरले की शहरात तिकीट काढून तेथे येणारा पाहुणा शहराच्या खात्यात जमा होतो आणि त्याचे गंतव्य गाव मात्र निरुपयोगी दिसू लागते.

न्यायशास्त्रातील अभावाचे प्रकार येथे आणखी उजेड पाडतात. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, ती नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव आणि तिन्ही काळी असणारा तो अत्यंताभाव. प्रवासी-नोंदवहीत या तिन्हींची खूण एकच, शून्य. पण रेल्वे प्रशासन ते शून्य वाचते तेव्हा बहुधा अत्यंताभावच वाचते. उदाहरणार्थ, ब्रिटनमधील एडिनबरा ते कार्लाइल हा वेव्हर्ली मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला, आणि त्याचा एडिनबरा ते ट्वीडबँक हा भाग सुमारे २९ कोटी ४० लाख पौंड खर्चून सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक प्रवास नोंदले गेले. ट्वीडबँक, गॅलाशील्स आणि स्टो येथील प्रवासी अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले, तर एडिनबराजवळच्या काही स्थानकांवर ते अंदाजापेक्षा कमी भरले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण रेल्वे आणली की प्रवासी येतातच, असा उलट सिद्धान्त मांडणेही तितकेच अप्रमाण आहे. सिद्ध होते ते एवढेच की ४६ वर्षांचे ते शून्य गरजेच्या अत्यंताभावाचे नव्हते, प्रवाशांच्या प्रागभावाचे होते.

यावर पूर्वपक्ष असा येतो की या तर्काने कोणतेच स्थानक कधीच बंद करता येणार नाही, कारण आणखी गाड्या सोडल्या असत्या तर प्रवासी आले असते, असे कोणत्याही फलाटाविषयी म्हणता येईल, आणि रिकाम्या गाडीवर गेलेला पैसा गर्दीने कोंबलेल्या गाडीतल्या प्रवाशाकडून काढलेला असतो. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर योग्यतेच्या त्याच अटीत आहे, कारण योग्य अनुपलब्धी अभाव सिद्ध करतेच. जपानच्या होक्काइडो बेटावर सेकिहोकु मार्गावरचे क्यू-शिराताकी हे स्थानक मार्च २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा आसपासची वस्ती ओसरली होती आणि त्याचा नियमित वापर करणारी विद्यार्थिनी त्याच महिन्यात शाळा संपवून बाहेर पडत होती. तेथे लोकच उरले नव्हते, हे घरे मोजून कळत होते, केवळ तिकिटे मोजून नव्हे. तो प्रध्वंसाभाव होता आणि त्याच्यापुढे नाइलाज होता. डेंटनला घरे आहेत, माणसे आहेत, त्यांची ये-जाही आहे. म्हणून शून्याचा पुरावा द्यायचा तर आधी कामाच्या वेळांना, दोन्ही दिशांनी, सवय जडण्याइतकी वर्षे गाड्या चालवून पाहण्याचे ओझे बंद करू पाहणाऱ्यावर पडते. आणि रूळ उखडून जमीन विकल्यावर चूक दुरुस्त करणे किती महाग पडते हे वेव्हर्ली मार्गाने दाखवल्यानंतर हे ओझे अवाजवी म्हणता येत नाही.

१९६२ च्या ब्रिटिश वाहतूक कायद्याने हे ओझे नेमके उलट बाजूला ठेवले होते. सेवा बंद करण्याविरुद्ध हरकत घेण्याचा अधिकार त्या सेवेच्या वापरकर्त्यांना होता, आणि प्रवाशांच्या सल्लागार समित्यांनी तपासायचे ते या वापरकर्त्यांना सोसाव्या लागणाऱ्या हालांपुरतेच. तोट्याचे हिशेब कसे मांडले गेले हे त्यांच्या कक्षेबाहेर होते. सेवा आधीच क्षीण केल्यामुळे जो बसकडे किंवा मोटारीकडे वळला, तो वापरकर्ता राहिला नव्हता. जो अजून नोकरीला लागायचा होता, तो वापरकर्ता झाला नव्हता. आणि ज्याला गाडी असती तर शहरातले काम पत्करता आले असते, त्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. बार्बरा कॅसल यांनी वाहतूक मंत्री असताना मांडलेल्या विधेयकातून १९६८ मध्ये समाजाला आवश्यक पण तोट्यात चालणाऱ्या मार्गांसाठी अनुदानाची तरतूद झाली, तरी त्या तरतुदीनंतरच वेव्हर्ली मार्ग गेला, आणि त्या मार्गावरचे हॉइक हे गाव २०१५ च्या पुनरारंभातही वगळले गेले. तेथे स्थानकच नसल्यामुळे दरवर्षीच्या प्रवासी-अंदाजात त्याच्या नावापुढे शून्यसुद्धा लिहिले जात नाही.