शेणातील सेवेकरी

चांगला हेतू असला म्हणजे मनुष्याने सृष्टीत हात घालावा काय?

इ.स. १७८८ मध्ये इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात गाई नेल्या. शेण जिरविणारे भुंगेरे मात्र मागेच राहिले. त्यांची आठवण कोणाला होणार? कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेल्या तेथील भुंगेऱ्यांना गाईचे ओले शेण पेलेना. शेणाचे पो महिनोन्महिने तसेच पडून राहत आणि त्यांत माश्यांची अमाप पैदास होई. जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाने हे मर्म ओळखले. १९६८ पासून आफ्रिकेतील व युरोपातील भुंगेरे तेथे सोडण्यात आले. शेण जमिनीत पुरून त्यांनी माश्यांचा पाळणाच मोडला. भुईही सकस झाली.

त्याच देशात १९३५ साली उसावरील कीड खाण्यासाठी आणलेला विषारी बेडूक स्वतःच अरिष्ट ठरला. हेतू दोहोंकडे चांगलाच होता. अंतर पडले ते दक्षतेत. बेडूक दिसेल ते गिळणारा. भुंगेरे निवडले ते शेणावरच जगणारे, आणि त्यांची अंडीही निर्जंतुक करून मगच वाढविली. आपल्या हातून काय बिघडू शकेल, याचा विचार आधी करणे हेच हात घालण्याचे मोल होय.

हे सेवेकरी आपल्या गोठ्यामागेही राबत असतात. जनावरांना दिलेल्या काही जंतनाशकांचा अंश शेणात उतरून त्यांच्या अळ्या मरतात. औषध देण्यापूर्वी पशुवैद्याला एवढे विचारण्याइतकी दक्षता आपणही बाळगू नये काय?